शेवटी बोलणाऱ्याचे शहाणपण

पोकर हा जुगार खरा. तरी त्याच्या ‘टेक्सस होल्डेम’ या प्रकारातील एक नियम आम्हांस विचारार्ह वाटतो. प्रत्येकास दोन झाकली पाने, मध्ये सर्वांची मिळून पाच. ज्याच्यापुढे ‘डीलर’ची चकती, तो मधली पाने उघडू लागल्यावर प्रत्येक फेरीत शेवटी बोलतो. इतरांची चाल पाहून तो ठरवतो. म्हणून बेताच्या पानांवरही जिंकू शकतो. उलट त्याच्या डावीकडील दोघांना पाने पाहण्यापूर्वीच ठरलेली रक्कम लावावी लागते.

मग शहाणा कोण, खेळाडू की त्याची जागा? कचेरीत लिपिकाची टिप्पणी प्रथम, अधिकाऱ्याची सही शेवटी. खालच्याने जोखीम पत्करून मत लिहावे, आणि निर्णय अचूक ठरला की श्रेय वरच्याच्या बुद्धीला! त्या खुर्चीत आम्हीही बसलो आहोत.

मात्र पोकरची चकती दर डावाला एक जागा डावीकडे सरकते. लाभ आणि भार दोन्ही फिरतात. संसारातील चकती पुष्कळदा पिढ्यान्‌पिढ्या एकाच घरापुढे राहते. जागेचा लाभ मिळाला म्हणून कोणी दोषी ठरत नाही. पण तो आपला गुण म्हणून मिरवणे न्यायाचे नव्हे. ज्यास शेवटी बोलावयास मिळते, त्याने आधी बोललेल्यांचे ऋण मानावे, आणि पाळी सरताच चकती पुढे सरकवावी.