पाय लावणाऱ्याचा प्रश्न

दिवाळीसाठी पुण्याहून अंबाजोगाईला बाईकवर निघालो होतो. जामखेड गेलं, पाटोदा गेलं आणि मांजरसुंबा यायच्या बरंच आधी चेनचा लॉक तुटला. चेन रस्त्यावर पडली. दुपारचे चार वाजले होते, आजूबाजूला तुरीची शेतं आणि मोबाइलला जेमतेम रेंज.

मी घाबरलो नाही. विमा रिन्यू करताना थोडे जास्तीचे पैसे भरून रोडसाइड असिस्टन्स घेतलेला होता. फोन लावला. पलीकडच्या मुलीने पॉलिसी नंबर, गाडीचा नंबर आणि लोकेशनची लिंक मागितली. ती अतिशय नम्रपणे बोलली. वीसेक मिनिटांनी मेसेज आला: आपल्या भागात सध्या सेवा देणारं कुणी उपलब्ध नाही, शोध सुरू आहे.

ऊसतोडीला निघालेल्या माणसांनी आणि गाठोड्यांनी भरलेला एक ट्रक गेला. दोन कार गेल्या. मग एक जुनी बाईक थांबली. पन्नाशीचा माणूस, हँडलला पिशवी अडकवलेली.

"काय झालं, पाव्हणं?"

चेन दाखवली. "बसा गाडीवर. न्यूट्रल करा, हँडल सरळ धरा. मी पाय लावतो."

ज्यांनी हे कधी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मदत करणारा आपल्या बाईकवरून तुमच्या मागे थोडा बाजूला राहतो, एक पाय तुमच्या गाडीच्या मागच्या फूटरेस्टला टेकवतो आणि आपल्या इंजिनाच्या जोरावर दोन्ही गाड्या पुढे नेतो. काम धोक्याचं असतं. पण गावाकडे टोचन लावायला दोर नसला की हाच उपाय.

एखादा किलोमीटर गेल्यावर त्यांनी वाऱ्यावरून ओरडून विचारलं, "कुठलं गाव म्हणायचं?"

"अंबाजोगाई."

"आडनाव काय?"

मी सांगितलं. काय सांगितलं ते इथे लिहीत नाही. लिहिलं तर तुम्हीही मला लगेच एका खान्यात टाकाल आणि पुढचा लेख त्या खान्यातून वाचाल.

आडनाव ऐकल्यावर त्यांच्या पायाचा जोर कमी झाला, असं मला वाटलं. समोर चढ लागला होता, त्यामुळेही असेल. पण त्या पाच-दहा सेकंदांत माझ्या पोटात जो गोळा आला तो चढाचा नव्हता. अलीकडच्या वर्षांत बीडमध्ये वाढलेल्या किंवा राहिलेल्या कुणालाही तो ओळखीचा असेल. २०२५ मध्ये बीडच्या पोलीस दलाला नावपट्टीवरून आडनाव काढून फक्त पहिलं नाव ठेवावं लागलं, त्या जिल्ह्याची ही गोष्ट आहे. वर्दीतल्या माणसाकडेही आधी आडनावातून पाहिलं जात असेल, तर रस्त्यात अडकलेल्या माझी काय कथा?

तेव्हा मला त्या कॉल सेंटरचं महत्त्व पहिल्यांदा कळलं. अशा सिस्टिम बनवणं हेच माझं काम आहे. डेटाबेसमध्ये आडनावाचा कॉलम असतो, पण कुणाला आधी मदत पाठवायची हे ठरवताना कोडने तो वाचायची गरज नसते. पॉलिसी चालू आहे ना, मग बास. ही छोटी गोष्ट नाही. ज्यांच्या आजोबांना आडनाव सांगितल्यावर पाणीसुद्धा वरून ओतून मिळालं, त्यांना विचारा. पैसे भरून हक्काने घेतलेल्या सेवेत उपकार नसतो, कुणापुढे मान खाली घालावी लागत नाही.

फक्त ती सेवा आली नाही. कोड आडनाव वाचत नसला तरी ठिकाण वाचतो, आणि पाटोद्याच्या पुढचं माझं ठिकाण त्याच्या नकाशावर रिकामं होतं.

म्हणजे ज्याने मला माझं आडनाव विचारलं नाही तो आला नाही, आणि जो आला त्याने विचारलं. यात मोठं कोण?

रस्त्यावर अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला आपल्या कायद्याने संरक्षण दिलंय. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याबाबतच्या मार्गदर्शक सूचना बंधनकारक केल्या आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४अ हे कलम आलं. अशा माणसाला स्वतःचं नाव सांगायचीही सक्ती करता येत नाही. कायदा त्याला 'गुड समॅरिटन' म्हणतो. हे नाव बायबलमधल्या गोष्टीतून आलंय आणि गंमत म्हणजे ते एका समाजाचं नाव आहे. त्या काळी यहुदी लोक ज्या समाजाला हलकं समजायचे, त्याच समाजातला माणूस जखमी वाटसरूसाठी थांबतो. वाटसरू कोण, हे तो विचारत नाही.

पाय लावणारे मामा बंद पडलेल्या गाडीसाठी थांबले होते, त्यामुळे ते या कलमात बसत नाहीत. त्या गोष्टीतही पूर्ण बसत नाहीत, कारण त्यांनी विचारलं. पण विचारून झाल्यावरही त्यांनी पाय काढला नाही. मला आता हेच जास्त अवघड वाटतं. समोरचा कोण हे माहीत नसताना मदत करणं सोपं आहे. माहीत झाल्यावर, मनात काही आलं असेल तरी, चढ पार करून देणं अवघड.

डॉ. आंबेडकरांनी संविधान सभेत बजावलं होतं की बंधुता नसेल तर समता आणि स्वातंत्र्य वरच्या रंगाइतकंच उथळ राहील. त्या दुपारी समता मला फोनवर भेटली होती आणि बंधुता, होती तेवढी अर्धीमुर्धी, फूटरेस्टवर.

गॅरेजपाशी त्यांनी सोडलं. पैसे काढले तर म्हणाले, "पैशाचं काय घेऊन बसलात? चहा सांगा." चहा पिताना मी त्यांचं नाव विचारलं. त्यांनी आडनावासकट सांगितलं आणि माझ्या डोक्याने क्षणात त्यांना खान्यात टाकलं. त्यांच्या पायाचा जोर मी मोजत होतो, पण माझं काही वेगळं चाललं नव्हतं.

चेनलॉक बसला. मदत मिळाल्याचं कंपनीला कळवलं, तसा मेसेज आला: आपली विनंती पूर्ण झाली आहे, कृपया रेटिंग द्या. पाच तारे समोर होते. कुणाला द्यायचे ते कळेना, म्हणून तसेच ठेवले.

सुट्टी संपवून परतताना जामखेडच्या अलीकडे एक पोरगा स्कूटर ढकलत चालला होता. पेट्रोल संपलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी पाय लावला. थोडं पुढे गेल्यावर माझ्या तोंडून आपोआप निघालं, "कुठलं गाव?" त्याने सांगितलं. पुढचा प्रश्न जिभेवर आला होता.

पंप दोन किलोमीटरवर होता. तेवढं अंतर मी तो प्रश्न तोंडातच धरून ठेवला.