अन्नाचा संस्कार

संस्कार हा शब्द आपण बारशात, मुंजीत, लग्नात इतका ऐकतो, की स्वयंपाकघरातही त्याचे घर आहे हे सहसा ध्यानात येत नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात मात्र, पहिल्याच अध्यायात, आहार हितकर होईल की अहितकर हे कशाकशावर ठरते याची आठ अंगे सांगितली आहेत, आणि त्यांतले दुसरे अंग आहे करण, म्हणजेच संस्कार. द्रव्याच्या मूळ गुणात दुसरा गुण उतरवणे, असा त्याचा अर्थ तिथे उलगडला आहे. आणि तो कशाकशाने घडतो हे सांगताना पाणी, अग्नी, शुद्धी, मंथन, देश, काळ, सुवासाने भारणे, इतकेच काय पण पदार्थ ज्या भांड्यात राहतो ते भांडेसुद्धा गणले आहे. मिसळणाचा डबा उघडून आज यातले काय घ्यावे असा विचार करणाऱ्या आपण सर्वांनी या शब्दापाशी थोडे रेंगाळावे. कारण मसाला म्हटले की डोळ्यांपुढे पूड येते आणि चव येते, पण संस्कार म्हटले की तीच पूड कशात, केव्हा, किती आणि कोणासाठी, हे प्रश्न एकामागून एक उभे राहतात.

मोहरीच पाहा. अख्खा दाणा हुंगला तर त्याला फारसा वास नाही, कारण झणका निर्माण करणारी द्रव्ये त्याच्या पोटात वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेली असतात. दाणा वाटून पाण्यात फेसला की ती एकत्र येतात आणि नाकात जाणारा तो तीव्र झणका जन्माला येतो, जो लोणच्याला किंवा फेसलेल्या मोहरीच्या रायत्याला हवाच असतो. तोच दाणा कडकडीत तेलात पडला तर आतल्या ओलाव्याची वाफ होऊन तो तडतडतो, झणका घडवणारे विकर उष्णतेने निकामी होते आणि मागे उरतो तो खमंग, जवळजवळ गोडसर स्वाद. द्रव्य एकच, पण पाण्याचा संस्कार त्याला एका टोकाला नेतो आणि अग्नीचा दुसऱ्या. हिंगाचेही तसेच, डबीत असताना जो वास घरभर नकोसा होतो, तोच तुपाच्या स्पर्शाने कांदा-लसणाची जागा घेण्याइतका सौम्य होतो, म्हणून कांदेनवमी उलटून चातुर्मास लागला की आपल्या घरांतून हिंगाची डबी पुढे सरकते.

या संस्काराचे वाहन आहे स्नेह. जिरे, हिंग, कढीपत्ता, दालचिनी यांचा सुगंध ज्या द्रव्यांत असतो ती तेला-तुपात सहज विरघळतात, पाण्यात जेमतेम. म्हणून कढल्यातले चमचाभर तेल पातेलेभर आमटीला सुगंध देऊ शकते, आणि आरोग्याच्या नावाखाली तेल अजिबात वर्ज्य करून उकळत्या डाळीत कोरडे जिरे टाकणाऱ्याच्या पदरी बेचव डाळ येते, मग तो हात मिठाकडे वळवतो. तेल मोजून घ्यावे, पण फोडणी सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि फोडणीतही काळ पाहावा लागतो: मोहरी तडतडल्यावर जिरे, मग हिंग, आच मंद करून हळद, आणि तिखट अगदी शेवटी, कारण तिखट क्षणात करपते. मेथीदाणा घातलाच, तर तोही काळा पडला की कडूपणाखेरीज काही देत नाही. संस्काराला चुकलेली वेळ मानवत नाही, हे मुलांच्या बाबतीत आपण जाणतोच. मेथीच्या बाबतीत ते अधिक लवकर कळते.

इथे श्रद्धावान मनात एक शंका येते. सात्त्विक आहार म्हणजे अळणी, बिनमसाल्याचा आहार, मग इतकी खटपट कशाला? गीतेच्या सतराव्या अध्यायात आहाराचे तीन प्रकार सांगितले आहेत आणि ज्ञानदेवांनी त्यांचा केवढा तरी विस्तार केला आहे. तिथे राजस आहाराच्या वर्णनात तिखट, आंबट, खारट यांची नावे येतात हे खरे. पण शंकराचार्य आपल्या भाष्यात सांगतात की तिथला ‘अति’ हा शब्द त्या सर्वांना लावून घ्यायचा आहे: दोष तिखटात नाही, अतितिखटात आहे, आंबटात नाही, अतिआंबटात आहे. उलट सात्त्विक आहार आयुष्य, बल, आरोग्य, सुख, प्रीती वाढवणारा असतो असे सांगून झाल्यावर तो स्वतः कसा असतो हे सांगताना पहिले विशेषण येते ते ‘रस्य’, रसाने भरलेला. ज्या अन्नात रस नाही ते सात्त्विकतेच्या पंक्तीत बसत नाही. तामस आहाराच्या लक्षणांत ‘गतरस’ हाच शब्द आहे. नैवेद्याचे साधे वरण आठवावे. तुरीची डाळ, हळद, नखभर हिंग, मीठ, गुळाचा खडा आणि वरून तूप, एवढाच त्याचा परिवार. पण डाळ पूर्ण शिजून एकजीव झालेली असते, हिंग मोजका असतो, आणि हे सारे करणाऱ्याने ते चाखलेले नसते, कारण नैवेद्य चाखायचा नसतो. तिथे मिठाचा अंदाज जिभेच्या हाती नसतो, वर्षानुवर्षे त्याच पातेल्यापुढे उभ्या राहिलेल्या हाताच्या स्वाधीन असतो, आणि असा हात घडणे हा करणाऱ्यावरचाच संस्कार आहे.

आता देश. 1638 मध्ये विजापूरच्या आदिलशाही फौजेने बेंगळुरू घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले, तेव्हापासून या शहरात मराठी चूल पेटलेली आहे. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरहून उंच, ना कोकणाचा दमट उकाडा ना विदर्भाची भाजणारी हवा, अशा या जागी आपला मिसळणाचा डबा जसाच्या तसा चालतो का, हा प्रश्न इथल्या मराठी घराने पिढ्यान्पिढ्या सोडवला आहे. गोडा मसाला धन्यासोबत सुके खोबरे, तीळ, दगडफूल, लवंग, दालचिनी भाजून केलेला, भारदस्त. चिंच-गुळाच्या आमटीला आणि भरल्या वांग्याला तो शोभतो. इथली सारिन पुडी धने, जिरे, मिरे, मेथी आणि ब्याडगी मिरचीची, हलकी, पातळ सारात उतरणारी. एका घरात दोन्ही बरण्या असाव्यात आणि दोघींची कामे वाटलेली असावीत, आमटीत सारिन पुडी घालून ती ‘वेगळी’ झाल्याची तक्रार करू नये. ब्याडगी तर आरोग्याचा विचार करणाऱ्याची सखीच म्हणावी: हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगीचे नाव लावणारी ही सुरकुतलेली मिरची रंग गडद देते आणि तिखटपणा बेताचा, त्यामुळे डोळ्याला समाधान मिळते आणि पोटाला जाळ होत नाही. गंमत अशी की बिसिबेळे भाताच्या मसाल्यात पडणाऱ्या एका कळीला कन्नडात ‘मराठी मोग्गु’ म्हणतात. सावरीच्या जातीच्या झाडाची ती वाळवलेली कळी पुण्या-साताऱ्याच्या बहुतेक स्वयंपाकघरांना ठाऊकही नाही, आपले नाव मात्र इथे तिच्या अंगावर आहे. आणि थंडीत शहरात अवरेकाईचा मेळा भरतो, घरोघरी त्या ताज्या पावट्यांचे सोलणे सुरू होते, तेव्हा वातुळ म्हटल्या गेलेल्या त्या शेंगेवर हिंग, आले, जिरे यांचा संस्कार होतोच. देश आणि काळ दोन्ही एकाच फोडणीत भेटतात.

आठ अंगांतले तिसरे, संयोग, हे संस्काराचे सख्खे भावंड, आणि त्याचे आधुनिक उदाहरण याच शहरातले आहे. बेंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजातल्या संशोधकांनी 1998 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निरोगी माणसांना 2 ग्रॅम कुरकुमिन, हळदीतले पिवळे द्रव्य, एकटे दिले तेव्हा ते रक्तात जवळजवळ सापडलेच नाही. सोबत काळ्या मिऱ्यातले पायपरिन फक्त 20 मिलिग्रॅम दिले तेव्हा त्याचे शोषण सुमारे वीसपट वाढले. हे वाचून हळद-मिऱ्याचे काढे पिण्याची लाट आली, आणि तिथे मला थांबावेसे वाटते. हळदीत कुरकुमिन असते शेकडा तीनच्या आसपास. त्या प्रयोगातले 2 ग्रॅम मिळवायला साठ-सत्तर ग्रॅम हळद खावी लागेल, आणि भाजीत आपण टाकतो चिमूट. म्हणून हळदीबरोबर मिरे घालावे ते आनंदाने, औषध म्हणून नव्हे. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतल्या प्रयोगांत धान्य आणि डाळींबरोबर कांदा-लसूण असला तर त्यांतले लोह आणि जस्त अधिक सुटे होते असे दिसले, आणि हे आपल्या वाटणांना अधिक जवळचे आहे, कारण तिथले प्रमाण जेवणातलेच होते. मिसळणाच्या डब्याचा दवाखाना केला की संस्कार निघून जातो आणि मात्रा तेवढी उरते.

मात्रेवरून आठ अंगांतली राशी, म्हणजे अन्नाचे प्रमाण, आलीच. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते, म्हणजे लोणचे, पापड, चटणी सारे धरून एक लहान चमचाभर. मीठ एकदम कमी केले तर जीभ रुसते. पण पानावर बसताना पिळलेले लिंबू, आमसूल, ताजे कुटलेले मिरे, कोरडे भाजून भरडलेले जिरे यांनी ती उणीव बरीच झाकली जाते, आणि हा संस्कार रक्तदाबाच्या रुग्णासाठी वेगळे पातेले न ठेवता घरातल्या सगळ्यांसाठी करता येतो. मसाले थोडे, अख्खे आणि ताजे घ्यावेत, पूड महिन्याभराचीच करावी, कारण दळले की सुगंध उडू लागतो. मल्लेश्वरमच्या किंवा गांधी बाजारच्या दुकानातून तयार पुडी घ्यायची वेळ आली, तर पाकिटामागची घटकांची यादी वाचून घ्या: तिच्यात जो घटक आधी लिहिलेला असतो तो वजनाने जास्त असतो, आणि मीठ पहिल्या तिघांत असेल तर ती पुडी परत फळीवर ठेवा, मीठ घालण्याचे काम आपल्याच हाताकडे असू द्या.