अडीच टनांची सुरक्षितता

कॅलिफोर्नियातल्या माझ्या मित्राचा सध्याचा पेच असा: वापरलेली माझदा मियाटा घ्यायची की शेव्हरोले टाहो? पहिली छप्पर उघडणारी, दोन सीटची, साधारण एक टनाची. दुसरी तीन रांगांची, अडीच टनांच्या आसपास. त्याने एक्सेल शीट केलंय (आम्ही इंजिनिअर लोक लग्नासाठी स्थळं बघतानाही करतो). किंमत, मायलेज, इन्शुरन्स असे रकाने आहेत. 'सुरक्षितता' या रकान्यात टाहोला दहापैकी नऊ, मियाटाला चार.

मला त्या नऊबद्दल बोलायचंय.

अकरावीचं फिजिक्स आठवा. या दोन गाड्या ताशी ५० किलोमीटरने समोरासमोर धडकून एकमेकींत अडकल्या, तर संवेगाच्या नियमानुसार टाहोचा वेग सुमारे २९ ने बदलतो, मियाटाचा सुमारे ७१ ने. आतल्या माणसाला बसणारा हिसका या बदलावर ठरतो. वजनं सारखी असती तर दोघींच्या वाट्याला ५०-५० आले असते. म्हणजे टाहोवाल्याचे जे २१ वाचले, ते समोरच्याच्या खात्यावर चढले. बेरीज शंभरच.

सीटबेल्ट, एअरबॅग, चांगले ब्रेक यांतून मिळणारी सुरक्षितता कुणाकडून काढून घेतलेली नसते. वजनातून मिळणारी असते. शोरूममध्ये मात्र दोन्ही 'सेफ्टी' याच नावाने विकल्या जातात. अर्थतज्ज्ञ मिशेल व्हाइट यांनी २००४ साली अमेरिकी अपघातांवरून हिशोब मांडला: मोठ्या गाडीतल्यांचा एक जीवघेणा अपघात टळतो, तेव्हा इतरांचे किमान ४.३ वाढतात. त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच 'शस्त्रस्पर्धा' हा शब्द आहे.

मित्राचं उत्तर तयार होतं. "बाकीचे रणगाडे घेऊन फिरतायत, मग माझ्याच बायकोने का मरायचं?"

हे खोडून काढणं सोपं नाही. आपल्या माणसाकडे आणि परक्याकडे अगदी सारख्या नजरेने बघायला सांगणारं तत्त्वज्ञान मला जरा भीतीदायकच वाटतं. पण कान्टची कसोटी इथे लावून बघा: सगळ्यांनीच अडीच टन घेतले तर? गाडी पुन्हा ५०-५० वर येते. हा फायदा दुसरा कुणीतरी हलका राहतो तोवरच टिकतो. सगळ्यांनी पाळला की संपतो, अशा नियमाला मी तरी पळवाट म्हणेन.

मियाटा सात्त्विक आहे असं नाही. खेळणंच आहे ते, आणि महागडं. पण छप्पर उघडं टाकून फिरणारा स्वतःचा जीव स्वतःच्या मर्जीने टांगतो. टाहोच्या समोर येणाऱ्याला कुणी विचारलेलं नसतं.

आपल्याकडे तर समोरची गाडी बऱ्याचदा गाडीच नसते. २०२२ मध्ये भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली ४४.५ टक्के दुचाकीवरची, १९.५ टक्के पायी चालणारी. पुण्यातली खरी कन्व्हर्टिबल म्हणजे ॲक्टिव्हा: छप्पर नाही, वजन शंभर किलोच्या थोडं वर. कर्वे रोडच्या सिग्नलला तिच्या शेजारी दोन टनांची फॉर्च्युनर येऊन थांबते, काचा बंद, एसी चालू. ॲक्टिव्हाच्या मागच्या सीटवर कुणीतरी हेल्मेटशिवाय फोन बघत बसलेलं असतं.