मोजणी कशाची करायची?

महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी आमच्या सोप्यात सतरंजी पडते, तिच्यावर पांढरी चादर. मग एकेक जण येतो, खांद्यावरची पिशवी उघडतो आणि आपले कॅमेरे चादरीवर मांडतो. हे सगळे आमच्या ह्यांचे मित्र. एक बँकेतून निवृत्त झालेले अण्णा, एक मिरजेहून येणारे डॉक्टर, एक शहापुरातले सराफ, एक चित्रकलेचे सर. फोटो काढणं हा कुणाचाच धंदा नाही, छंद आहे. ह्यांच्या एकट्याच्या कपाटात १९ कॅमेरे आहेत.

पहिली काही वर्षं मला गंमत वाटायची. याशिका मॅटमध्ये वरून वाकून बघायचं, तर समोरच्या माणसाचं डावं-उजवं उलटं दिसायचं. डॉक्टर पेंटॅक्स के-१००० हातात घेऊन सांगायचे, "वहिनी, १९७६ ते १९९७, एकवीस वर्षं कंपनीनं हा एकच कॅमेरा बनवत ठेवला. सेल संपला तरी फोटो निघतो, फक्त उजेड मोजणारा काटा बंद पडतो." आपण नारळ हलवून कानाशी धरतो ना, तसे सराफ शटरचा आवाज कानाशी धरून ऐकायचे.

चहा-पोहे नेताना माझ्या हळूहळू लक्षात आलं. "कुठनं मिळाला? कितीला पडला? काच स्वच्छ आहे का?" हे सगळे विचारायचे. "ह्यानं काय काढलंस?" हे कुणीच विचारत नव्हतं.

एका रविवारी मंडळी गेल्यावर मी म्हणाले, "अहो, माणसाला डोळे दोन. कॅमेरे एकोणीस कशाला? हा परिग्रह नव्हे तर काय?"

हे शांतपणे म्हणाले, "तुझ्या कपाटात साड्या किती?"

हे उत्तर मला अपेक्षित होतं. तुमच्याही घरात ते कधी ना कधी ऐकू आलं असेल. पण पुढं ते जे म्हणाले ते मात्र माझ्या मनात राहिलं. "आम्ही घेतले नसते तर ह्यातले निम्मे भंगारात गेले असते. तुझ्या दादांचा आग्फा क्लिक थ्री वडोदऱ्यात बनायचा, हे आता किती जणांना ठाऊक आहे? कुणीतरी जपायला नको?"

जपणं आणि साठवणं ह्यांत फरक आहे, एवढं मला मान्य झालं. तो फरक ओळखायचा कसा, हे मात्र कळेना.

त्या वर्षी बेळगावात पाऊस नेहमीसारखाच लांबला. भाद्रपदात ऊन पडल्यावर ह्यांनी कपाट उघडलं तर चार भिंगांवर बुरशी. बंद अंधारी जागा, दमट हवा आणि काचेवर बोटाचा तेलकटपणा, एवढं बुरशीला पुरतं. पांढरे बारीक तंतू काचेवर पसरतात आणि तसेच राहिले तर काचेवरचा थर कायमचा खातात. हे भिंगं उन्हात मांडून बसले. उन्हानं बुरशी मरेल, ही आशा.

ते मांडत होते आणि मला चातुर्मासातलं घर आठवत होतं. आई म्हणायची, वस्तू कोरडी ठेवा, हलती ठेवा. एकदा जीव उत्पन्न झाला की मग तो मारावा लागतो. परिग्रहाच्या पोटी हिंसा येते, हे मी प्रवचनात कितीदा ऐकलं असेल. इथं ते डोळ्यांसमोर होतं. लागतात त्यापेक्षा जास्त वस्तू घेतल्या, म्हणून त्या वापरात राहिल्या नाहीत. वापर नाही म्हणून बुरशी आली, आणि आता तिला मारण्यासाठी ऊन. मला माझं म्हणणं खरं ठरल्यासारखं वाटलं. खोटं कशाला सांगू, थोडा आनंदही झाला.

त्याच आठवड्यात शेजारच्या आक्कांची नात आली. चित्रकलेच्या कॉलेजात शिकते. तिला किल्ल्यातल्या कमल बस्तीचे फोटो जुन्या पद्धतीनं, फिल्मवर काढायचे होते. १२०४ सालची ती बस्ती. आत मान वर केली की छतातून दगडाचं कमळ खाली उमललेलं दिसतं. "आजी, तुमच्याकडं एक जुना कॅमेरा आहे म्हणे. दोन दिवस द्याल का?"

माझा कॅमेरा म्हणजे तोच क्लिक थ्री. १९७१ साली मी मॅट्रिक झाले तेव्हा दादांनी निपाणीत घेऊन दिलेला. एका रोलमध्ये बारा फोटो. कुंभोजच्या बाहुबलीला गेलो तेव्हाचे बाराच्या बारा माझ्याकडं आहेत. लग्न झालं तसा तो ट्रंकेत गेला, शालूच्या घडीखाली.

मी पटकन म्हणाले, "अगं, त्यात बस्तीच्या आतले फोटो येणार नाहीत. त्याला भरपूर ऊन लागतं."

हे शंभर टक्के खरं होतं. साध्या भिंगाचा कॅमेरा तो, अंधाऱ्या गाभाऱ्यात त्याचं काय चालणार? पण मी नाही म्हणाले ते त्यासाठी नव्हे. तिनं बाहेर अंगणातले फोटो काढायला मागितला असता तरी मी दुसरं काहीतरी खरं कारण शोधून काढलं असतं. आपण खोटं बोलत नाही म्हणतो, पण कितीतरी वेळा खऱ्याचाच आडोसा घेतो.

मुलगी हिरमुसून उठली. हे आतून आले, हातात के-१०००. भिंग कसं फिरवायचं, उजेडाचा काटा मधे कसा आणायचा, हे तिला दहा मिनिटं दाखवलं आणि म्हणाले, "घेऊन जा. घाई नाही. पडला तर पडला, दुरुस्त होतो."

मी स्वयंपाकघरात गेले आणि पोळपाट काढला, कणीक मळलेली नसताना.

रात्री ट्रंक उघडली. कॅमेऱ्यावरचं कातडी कव्हर पांढरट झालेलं. भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू. म्हणजे मी तो वापरलाही नव्हता, दिलाही नव्हता आणि जपलाही नव्हता. नुसता धरून ठेवला होता.

तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या वस्तूंच्या संख्येवरून केलेली नाही, मूर्च्छेवरून केली आहे. मूर्च्छा म्हणजे 'हे माझं' ह्या भावानं येणारी बेशुद्धी. एवढी वर्षं मी पाठशाळेत मुलांना हे शिकवलं. मुलं विचारायची, "मग राजा भरताजवळ एवढं वैभव होतं ते?" मी उत्तर द्यायची. त्या रात्री मात्र माझ्याच घरात हिशेब उलटा निघाला. १९ कॅमेरेवाल्यानं एक क्षणात उचलून दिला. एकवालीला देता आला नाही.

म्हणून संख्येला काही अर्थ नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. श्रावकानं परिग्रहाचं परिमाण करावं, मर्यादा घालून घ्यावी, हे उगीच सांगितलेलं नाही. मनाची मूर्च्छा मोजता येत नाही, वस्तू मोजता येतात. म्हणून जे मोजता येतं तिथून सुरुवात करायची. पण मोजणी तिथंच संपली तर आपण दुसऱ्याचं कपाट मोजत बसतो. मी नेमकं तेच करत होते.

"मग सगळं वापरात आणलं की झालं," असंही सोपं उत्तर नाही. पुढच्या रविवारी मी हा विषय काढला तर डॉक्टरांनी वेगळीच अडचण पुढं केली. फिल्मवर प्रकाश टिपणारा चांदीच्या क्षारांचा जो थर असतो, तो जिलेटिनमध्ये बसवलेला असतो. आणि हे जिलेटिन जनावरांच्या हाडांपासून, कातड्यापासून करतात. १८७१ साली रिचर्ड लीच मॅडॉक्स नावाच्या इंग्रज डॉक्टरानं ही युक्ती मांडली आणि पुढं फिल्मचं सगळं काम तिच्यावरच चाललं. म्हणजे दादांनी काढलेल्या बाहुबलींच्या त्या बारा फोटोंतही ते होतं. चादरीभोवती सगळे गप्प झाले. सराफ हळूच म्हणाले, "मग कपाटात ठेवलेलेच बरे की हो!" कुणी हसलं नाही.

शेवटी त्या मंडळींनी आपल्यापुरतं एक ठरवलं. चादरीवर जो कॅमेरा मांडायचा, त्याच्याबरोबर त्या वर्षात त्यानं काढलेला एक तरी फोटो मांडायचा. नसेल तर तो कॅमेरा शिकणाऱ्या कुणाला तरी द्यायचा. अण्णांनी फिल्म सोडली, जुनी भिंगं ते आता डिजिटल कॅमेऱ्यावर लावतात. सरांनी वर्षाला दोनच रोल अशी मर्यादा घेतली. ह्यांचे १९ चे ११ झाले. मी १९ वर हिशेब मांडला होता. आता ११ वर बोलत नाही.

क्षमावाणीच्या दिवशी मी आक्कांच्या घरी गेले. थोरामोठ्यांशी क्षमा मागून झाली, मग नातीला बाजूला घेतलं. "त्या दिवशी मी तुला कारण खरं सांगितलं, पण मन खरं नव्हतं. क्षमा कर." तिला आधी काही कळेना. मग मी पुसून स्वच्छ केलेला क्लिक थ्री तिच्या हातात ठेवला. त्या पुसण्यात किती जीव गेले त्याचं प्रायश्चित्त मी घेतलंय. ते माझ्या इतक्या वर्षांच्या विसरण्याचं देणं होतं.

तिनं काढलेलं कमळ सुरेख आलंय, के-१००० वरचं. क्लिक थ्री घेऊन ती उन्हात फिरते. आता हे सांगायला मला बरं वाटलं असतं, की कॅमेरा दिला आणि मन मोकळं झालं. तसं झालेलं नाही. ती दारात दिसली की मी अजून पहिल्यांदा विचारते, "कॅमेरा नीट आहे ना गं?" आणि ती कशी आहे, हे त्यानंतर.

आकिंचन्याचा दिवस दरवर्षी येतो. पुढच्या वर्षी तिला आधी तिची खुशाली विचारता आली, तर मी थोडी पुढं सरकले असं समजेन. तुमच्या ट्रंकेत तळाशी काय आहे, ते तुम्हीच बघा. मी आता दुसऱ्यांचं मोजायचं सोडलंय.