देव नदी ओलांडतो तेव्हा

बेंगळुरूतल्या राजाजीनगरच्या आमच्या देव्हाऱ्यात सप्तकोटेश्वराची तसबीर आहे. त्याचं मूळ स्थान गोव्यातलं दिवाडी बेट. जुन्या गोव्याहून फेरीबोटीने मांडवी ओलांडली की भातखाचरांतून जाणारा रस्ता, टेकडीवरचं पिएदादचं चर्च, आणि पुढे कोटितीर्थाची तळी. पोर्तुगीजांनी इथलं देऊळ पाडलं. लिंग भक्तांनी पलीकडे डिचोलीतल्या नार्व्याला नेलं. १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथं देऊळ उभारवलं.

मग देव जागेचा की माणसांचा? लिंग उचलणाऱ्यांनी आपल्यापुरतं उत्तर दिलं, आणि मला ते पटतं. नाहीतर बेंगळुरूत आम्ही कुणाला नमस्कार करतो? तरीही तळीच्या पायऱ्यांवर मी हात जोडलेच. तिथं देव नाही, असं मला म्हणवत नाही. मुलीला नेईन तेव्हा आधी तळी दाखवीन, मग दुसऱ्या फेरीबोटीने नार्वे.