तीन शतांश मिलिमीटर

जो अजून शिकतो आहे, त्याच्या हातून घडलेल्या अपराधाचे उत्तर कोणी द्यावे? १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाचे अठरावे कलम सांगते की, शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नव्हे. तरुणपणी मला या कलमाचा मोठा आधार वाटत असे. एका प्रसंगानंतर तो वाटेनासा झाला.

आय.टी.आय.मधून टर्नरचा अभ्यासक्रम पुरा करून १९९२ साली मी मुंबईतील एका कारखान्यात उमेदवारीला लागलो. पहाटेच्या गाडीने वसई सोडायची, दिवसभर लेथवर उभे राहायचे आणि रात्री नोंदवहीत त्या दिवशीचे काम लिहायचे, असा क्रम होता. मेंटेनन्स खात्यातील एका वयस्क फिटरच्या हाताखाली मला दिले होते. त्यांना आम्ही सारे काका म्हणत असू.

एके दिवशी पंपाचा शाफ्ट कातण्याचे काम माझ्याकडे आले. तीस मिलिमीटरचे बेअरिंग त्यावर घट्ट बसायला हवे होते. शेवटचा कट खोल गेला आणि माप तीन शतांश मिलिमीटरने कमी भरले. केसाहूनही बारीक अंतर. पण बेअरिंग बोटाने सरकू लागले. कातलेला धातू पुन्हा चढवता येत नाही. शेजारच्या उमेदवाराने युक्ती सांगितली : सेंटर पंचने त्या जागी टिंबे मार. प्रत्येक टिंबाभोवती धातूची बारीक कड वर येते आणि बेअरिंग घट्ट बसते. मी तसे केले. टिंबे बेअरिंगखाली झाकली गेली. काकांनी हाताने हलवून पाहिले आणि जॉब कार्डावर सही केली. माझ्या नोंदवहीत 'शाफ्ट कातला' एवढेच लिहिले गेले.

तो घट्टपणा त्या कडांपुरता होता. त्या झिजताच बेअरिंग शाफ्टवर घसरून फिरू लागले, तापले, आणि तीन आठवड्यांनी रात्रपाळीत पंप बंद पडला. मेमो मिळाला तो काकांना. पुलरने बेअरिंग काढल्यावर खालची टिंबे त्यांना दिसली. त्यांनी माझ्याकडे पाहिले, पण काही बोलले नाहीत. मीही दोन दिवस बोललो नाही. 'मी तर शिकाऊ' असे मनाशी घोकत राहिलो. तिसऱ्या दिवशी फोरमनसाहेबांना सारे सांगितले. त्यांनी माझ्या नोंदवहीत शेरा लिहिला. काकांचा मेमो मात्र मागे घेतला नाही. "सही माझी होती," एवढेच काका म्हणाले.

कट खोल जाणे आणि टिंबे मारणे या दोन गोष्टी मी एकाच हिशेबात धरीत होतो. पहिली माझ्या कच्च्या हाताची चूक होती, आणि अशा चुका सोसण्यासाठीच उमेदवारीचा काळ असतो. टिंबे मारताना मात्र माझा हात कच्चा नव्हता. ते काम मी पुरत्या सफाईने केले होते. ते अठरावे कलम कामगार कायद्यांची मर्यादा ठरवते. सदसद्विवेकाला तशी मर्यादा नाही.

कोणी म्हणेल, वाया गेलेल्या शाफ्टबद्दल चारचौघांत अपमान होणार असेल, तर मुलगा टिंबे मारणारच. हे खरे आहे, आणि कारखान्याइतकेच ते घरालाही लागू आहे. ज्या घरात गुणपत्रिका पाहताच आवाज चढतो, तेथे मूल लपवायला शिकते. त्या शिकवणीचा वाटा वडीलधाऱ्यांनी स्वतःच्या पदरी घेतला पाहिजे. तरीही भीतीमुळे कृत्याचे कारण तेवढे समजते. मेमो दुसऱ्याच्याच नावावर राहतो.

आज माझ्या हाताखाली मुले शिकतात. बिघडलेला तुकडा लपवू नका, माझ्या टेबलावर आणून ठेवा, असे मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगतो. तुकडा समोर आला की आवाज चढवायचा नाही, असे मी स्वतःला बजावलेले आहे. ते मला दर वेळी साधते असे नाही. न साधल्या दिवशी काकांची ती सही आठवते.