संयोग की समवाय?

वैशेषिक दर्शनाने संबंधांचे दोन प्रकार मानले आहेत: जोडलेली द्रव्ये पुन्हा विलग होऊ शकतात तो संयोग आणि तंतूंवाचून वस्त्र राहूच शकत नाही, तसा अविभाज्य संबंध म्हणजे समवाय. उद्योगांच्या भागीदारीलाही हीच कसोटी लावता येते. २००६ मध्ये रेमंड या भारतीय वस्त्रोद्योग कंपनीने बेल्जियमच्या यूको या डेनिम कंपनीशी समान भागीदारी केली आणि यवतमाळचा डेनिम कारखाना संयुक्त कंपनीत गेला, तेव्हा भांडवलाचा संयोग कराराने साधला. परंतु दूरदेशींच्या कामगारांचे हित परस्परांवाचून टिकू नये, असा समवाय करारातून उपजत नाही. जागतिकीकरण ओसरते, म्हणजे राष्ट्रे आयातकर वाढवून व्यापार आपल्या सीमांत ओढू लागतात, तेव्हा हा भेद उघडा पडतो. बौद्ध तार्किकांनी तर अवयवांहून निराळा अवयवी, म्हणजे स्वतंत्र अशी संपूर्ण वस्तू, मानलाच नाही. ते मत स्वीकारल्यास कंपनी हे केवळ नाव ठरते आणि अशा भागीदारीचे उत्तरदायित्व निर्णय घेणाऱ्या माणसांवरच येते.